बागेचा सातबारा

बागेचं उद्घाटन झालं की कोनशिलेवर नावं चढतात. नगरसेवकाचं, आमदाराचं, आयुक्तांचं. मला त्या दगडात रस नाही. मला दुसरा कागद बघायचा असतो. ही जमीन कुणाच्या नावावर आहे? गावात असाल तर सातबारा दाखवा, शहरात असाल तर मिळकत पत्रिका दाखवा. तिच्यावर पालिकेचं नाव चढलेलं नसेल तर बाग अजून झालेली नाही. झाडं लावली असतील, कारंजं उडत असेल, बाकांवर आजोबा मंडळी बसली असतील. तरी झालेली नाही.

बागांसाठी आपण भांडतो, पण उशिरा भांडतो आणि भलत्याच मुद्द्यावर भांडतो. दिवे बंद आहेत, घसरगुंडी मोडली आहे, माळी येत नाही. तक्रारी खऱ्या आहेत, त्या करायलाच हव्यात. पण मोडकी घसरगुंडी महिनाभरात नवी बसते. हातची गेलेली जमीन परत येत नाही.

विकास आराखड्यात हिरवा तुकडा दिसला की लोकांना वाटतं, चला, इथं बाग होणार. बिल्डरही फ्लॅट विकताना तो हिरवा तुकडा बोट ठेवून दाखवतो. त्या रंगाचा अर्थ एवढाच की पालिकेनं ही जमीन बागेसाठी राखून ठेवण्याचा इरादा जाहीर केला आहे. मालक मालकच राहतो. जमीन ताब्यात घेणं हे वेगळं काम आहे आणि ते करायचं पालिकेनं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याचं कलम १२७ प्रत्येक मोहल्ला समितीच्या भिंतीवर लावलं पाहिजे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेनं जमीन घेतली नाही किंवा संपादन सुरूच केलं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पूर्वी त्या नोटिशीनंतर पालिकेला सहा महिने मिळत. पुढे वर्षभर मिळू लागलं. २०१५ च्या दुरुस्तीनं ही मुदत चोवीस महिन्यांवर नेली. तेवढ्या वेळातही पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं. मग त्या जागेवर शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते बांधता येतं.

पाऊल म्हणजे काय, यावरही पालिकांनी पळवाट काढून बघितली. महासभेत ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, झालं पाऊल. २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही पळवाट बंद केली. नुसतं पत्र पुरत नाही, संपादनाची कारवाई खरोखर सुरू झाली पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ.

मला हे कलम अन्यायाचं वाटत नाही. कुणाची जमीन नकाशावर हिरवी रंगवायची, त्याला तिथं खोलीही बांधू द्यायची नाही, मोबदलाही द्यायचा नाही, आणि अशी वीस-तीस वर्षं काढायची, हे कुठल्याही सभ्य समाजाला शोभत नाही. मालकाला सुटकेचा दरवाजा हवाच. माझा राग आहे तो दहा वर्षं आणि वर दोन वर्षं फाइलवर बसून राहणाऱ्यांवर. नोटीस येते ती पालिकेत आवक होते, भूसंपादन विभागात जाते, तिथून विधी विभागात, तिथून परत. ज्या वस्तीची बाग जाणार आहे तिला कुणी कळवत नाही. वस्तीला कळतं ते भूखंडाभोवती पत्रे ठोकले जातात तेव्हा.

पैसे नाहीत, हे पालिकेचं ठरलेलं उत्तर. ते अर्धं खरं आहे. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि दिलासा रक्कम धरून शहरातल्या जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या दुपटीवर गेला. रोख देणं अवघड झालं, म्हणून टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, पुढे केला जातो. पण अंदाजपत्रक उघडून बघा. उद्यानांच्या नावाखाली सुशोभीकरण सापडेल, प्रवेशद्वार सापडेल, संगीत कारंजं सापडेल. राखीव भूखंड विकत घेण्यासाठी ठेवलेली रक्कम त्याच्याशेजारी ठेवा आणि स्वतःच ठरवा. उद्घाटन दरवाजाचं होतं. खरेदीखताचं उद्घाटन करायला कोणी पुढारी येत नाही, म्हणून ते होत नाही.

पुण्याच्या टेकड्या घ्या. १९९७ साली २३ गावं पालिकेच्या हद्दीत आली. त्यांच्याबरोबर डोंगरउतार आले. या उतारांवर जैवविविधता उद्यान करायचं, म्हणजेच बीडीपीचं आरक्षण टाकायचं, अशी मागणी पुढे आली. माजी महापौर वंदना चव्हाण यांनी ती लावून धरली, शहरातल्या टेकडीप्रेमींनी सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना गर्दी केली. राज्य सरकारनं हे ९७८ हेक्टरचं आरक्षण मान्य करेपर्यंत २०१५ साल उजाडलं. मधल्या काळात उतार रिकामे राहिले असं कुणी समजू नये. गुंठ्या-गुंठ्यानं विकले गेले. मुरूम काढला गेला, पोकलेननं कडे कापले गेले, त्यावर पत्र्याच्या खोल्या आणि मग चार मजले उभे राहिले. पालिका आरक्षणाची चर्चा करत होती तेव्हा टेकडीचा व्यवहार शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर उरकला जात होता.

आणि मोबदला? बीडीपीच्या जमिनीला टीडीआर ठरला आठ टक्के. ज्या शेतकऱ्याच्या वाडवडिलांची ती वरकस जमीन आहे, त्याला आठ टक्के दाखवून तुम्ही टेकडी राखायला सांगता. पर्यावरणाच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी इथं गप्प बसू नये. टेकडीची हवा सगळ्या शहरानं खायची आणि तिची किंमत एका कुटुंबानं चुकवायची, हे चालणार नाही. त्याला पुरेसं द्या. द्यायला उशीर करू नका. मालकाशी न्यायानं वागलं तरच आरक्षण टिकतं. नाहीतर तोच मालक उद्या टेकडी फोडणाऱ्याला वाट करून देतो, आणि त्याला दोष देण्याचं तोंड आपल्याला उरत नाही.

टेकडी फुटली की काय होतं याची परीक्षा पुण्यानं दिली आहे. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीला डोंगर कापून ओढ्याची वाट बुजवली होती. वळवाच्या एका सरीनं पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि त्यात एक आई आणि तिची लेक वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. त्या रात्री पुण्यात कोणत्या घरातलं कोण गेलं ते मृतांच्या यादीत आहे. उतारावरचं गवत आणि मुरूम पाणी धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. तिथं काँक्रीट ओतलं की तेच पाणी एकदम खाली येतं. टेकडी राखणं हा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा हट्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आंबिल ओढ्याच्या काठावर जाऊन तिथल्या बायकांशी बोलावं.

वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा घाट जुना आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. पोरं होती, म्हातारी माणसं होती, काठी टेकत आलेले होते. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटली. या लोकांना टेकडीवर काही बांधून नको होतं. बाक नको, दिवे नको, प्रवेशद्वार नको. आहे ते राहू द्या, एवढीच मागणी. आपल्या राज्यकर्त्यांना सगळ्यात कमी कळणारी मागणी हीच, कारण तिची निविदा निघत नाही.

टेकडीवर प्रेम करणाऱ्यांनाही एक गोष्ट सुनावायला हवी. पुण्याच्या टेकड्या म्हणजे दाट जंगल नव्हे. कुसळी गवत, मधूनमधून सालई, गणेर, पांगारा, उघडा कातळ, असा त्यांचा मूळचा रूप-रंग. उन्हाळ्यात त्या पिवळ्या दिसतात, दिसायलाच हव्यात. आपल्याला ते पिवळेपण ओसाड वाटलं आणि वर्षानुवर्षं तिथं गिरिपुष्प लावलं गेलं. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, पक्ष्यांना त्याचा उपयोग थोडा, आणि ते माजलं की खालचं गवत मरतं. दर जुलैला बॅनर घेऊन, बसगाड्या भरून खड्डे खणायला जाणाऱ्या कंपन्यांना आणि शाळांना हात जोडून सांगतो, गवताळ माळाला झाडांच्या खड्ड्यांची गरज नसते. वणवा विझवायला या, कचरा उचलायला या, बाहेरून आणलेला राडारोडा टाकणारा ट्रक अडवायला या. आणि त्या चढावर पेव्हर ब्लॉक टाकणाऱ्याला आधी अडवा.

पायवाटांचं दुखणं वेगळंच. टेकडी वनखात्याची असते, पण टेकडीवर जायची वाट खासगी जमिनीतून जाते. तिथं सोसायटी होते, फाटक बसतं, रखवालदार बसतो आणि पिढ्यान्पिढ्यांची वाट एका रात्रीत बंद होते. शेतकऱ्याची वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, अडथळा काढून घेता येतो. पाणंद रस्त्यांसाठी सरकार योजना काढतं. शहरातल्या माणसाला त्याच्या टेकडीच्या वाटेसाठी असा सोपा अर्ज कुठं करायचा ते कुणी सांगत नाही. उपाय अवघड नाही. विकास आराखड्यात गाड्यांचे रस्ते जसे मीटरमध्ये रुंदी लिहून दाखवता, तशा पायवाटाही दाखवा. नकाशावर रेघ आली की बांधकामाचा परवाना देताना ती सोडावी लागते. रेघ नाही, म्हणून वाट जाते.

कागद पक्का असला की काय होतं, ते मुंबईत माहीमला बघायला मिळतं. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठावर शहराचा कचरा टाकायची जागा होती. १९७७ पर्यंत कचरा पडत होता. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हातून तिथं पहिलं झाड लागलं. कचऱ्याच्या ढिगावर माती पसरून, एकेक जात लावत सदतीस एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये लोकांना खुलं झालं. पण या गोष्टीतला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा टप्पा झाडांचा नाही. १९९१ मध्ये ही जागा संरक्षित वन म्हणून जाहीर झाली, तो आहे. धारावी पुनर्विकासाच्या हद्दीत या उद्यानाचं नाव आलं तेव्हा लोक उच्च न्यायालयात गेले. उद्यान संरक्षित वन आहे, ते पुनर्विकासातून वगळलं आहे, असं तिथं सांगावं लागलं. हजारो झाडं उभी होती, फुलपाखरं होती, शाळांच्या सहली येत होत्या, पण यातलं काहीही न्यायालयात तितकं उपयोगी पडलं नसतं जितका तीन दशकांपूर्वीचा तो राजपत्रातला कागद पडला.

धारावीच्या माणसाला श्वास घ्यायला तेवढी एक जागा आहे, हेही विसरू नये. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचना माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सांगतात. मुंबईत ती सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. झोपायची चटई अंथरा, संपली जागा. आणि या सव्वा मीटरमधूनही तुकडे काढले गेले. पालिकेनं मैदानं ‘सांभाळायला’ म्हणून संस्थांना दिली, त्यातल्या काही ठिकाणी सभासदांचे क्लब उभे राहिले, फाटकावर ओळखपत्र मागितलं जाऊ लागलं. लोक ओरडले तेव्हा पालिकेला भूखंड परत घ्यायची मोहीम काढावी लागली. ज्यांनी परत दिले त्यांनी दिले. ज्यांनी दिले नाहीत त्यांच्याकडून अजून घ्या.

मोठ्या गृहसंकुलांतली तऱ्हा अशी की सोडायची मोकळी जागा बिल्डर पोडियमवर दाखवतो. खाली मोटारी, वर हिरवा गालिचा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये कोहिनूर सीटीएनएलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की नियमानं सोडायची ती जागा जमिनीवरच हवी. मुलांना पळायला माती हवी आणि वडा-पिंपळाला मूळ धरायला खोली हवी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या १२० एकरांवर मोठं उद्यान करायचं २०२४ मध्ये ठरलं आहे. चांगलं आहे, मुंबईला ते हवंच आहे. पण तिथंही मी हाच प्रश्न विचारीन: त्या १२० एकरांच्या पोटात काय बांधणार? जमिनीखाली वाहनतळ आणि वर दोन फूट माती, असं झालं तर तिथं झुडपं वाढतील. सावली पडणार नाही.

एवढ्या मोठ्या आकड्यांनी मन दडपून जातं तेव्हा मी सिंधुदुर्गाकडे बघतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं रानटी जायफळाची दलदल आहे. क्षेत्र २.५९ हेक्टर. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाचं कुंड आहे, तिथं माशाची एक नवी जात सापडली, तिचं नावच नदीवरून शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलं. क्षेत्र २.११ हेक्टर. २०२१ मध्ये दोन्ही जागांना जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जैवविविधता अधिनियम २००२ मधली ही तरतूद, आणि ती गावाला बरोबर घेतल्याशिवाय चालत नाही. देवाच्या धाकानं राखलेलं पाणी आणि देवाच्या नावानं राखलेली राई आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या टिकली, तिला आता कायद्याचा कागदही मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं त्याहून मोठी मजल मारली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गोंडांच्या त्या लहानशा गावानं एकमतानं निर्णय घ्यायचा रिवाज पाळला, अभ्यास गट बसवले, कायदा वाचला, अर्ज केला, पाठपुरावा केला. पदवीधरांनी भरलेल्या आपल्या सोसायट्यांना शेजारच्या राखीव भूखंडाचा सर्व्हे नंबर माहीत नसतो.

जमीन हातात आली, बाग झाली, तरी फाटक उरतंच. कित्येक सार्वजनिक बागा भर दुपारी बंद असतात. सकाळी चालणारे, संध्याकाळी मुलांना आणणारे, एवढेच नागरिक धरून वेळापत्रक आखलं आहे. चार घरची धुणी-भांडी करून दुसऱ्या पाळीपर्यंत दोन तास कुठं बसायचं असा प्रश्न असलेली बाई, सामान पोचवणारा पोरगा, रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचे नातेवाईक, यांना सावली लागते ती नेमकी दुपारी एक ते चार. त्यांनी बंद फाटकाला टेकून पदपथावर बसायचं. रखवालदाराची एक जादा पाळी द्या आणि फाटक उघडा. गैरप्रकार होतात म्हणून बंद ठेवतो, असं उत्तर मिळतं. गैरप्रकार रोखायला माणूस नेमा. सज्जनाला बाहेर ठेवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

शेजाऱ्यांना बोलायचा हक्क काय, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. बंगळूरुत राजमहाल विलास वसाहतीत बागेसाठी राखलेला भूखंड मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून खासगी रुग्णालयाला दिला गेला होता. आसपास राहणारे लोक भांडले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप टिकू दिलं नाही, आणि बाग जाते तेव्हा शेजारच्या रहिवाशाला दाद मागता येते हेही मान्य केलं. हा निकाल आपल्या बाजूनं उभा आहे.

पुणेकरांनी तो लवकर वाचावा. जुन्या हद्दीचा सुधारित विकास आराखडा राज्य सरकारनं ५ जानेवारी २०१७ ला मंजूर केला. कलम १२७ मधली दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात आणि त्यानंतर न घेतलेल्या प्रत्येक बागेसाठी, प्रत्येक मैदानासाठी नोटीस येऊ शकते. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला, तिथली पाळी २०२८ मध्ये. पालिकेनं प्रभागनिहाय यादी लावावी: राखीव भूखंड कोणता, सर्व्हे नंबर काय, किती ताब्यात आला, किती राहिला, नोटीस आली का, आली तर कोणत्या तारखेला. पालिका लावत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. अर्जात ‘उद्यान विभाग’ लिहू नका, तिथं झाडांची माहिती मिळेल. ‘भूसंपादन विभाग’ लिहा.